पूर दोन्ही घरांना आला

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीने बडोद्याला वेढा घातला. धोक्याची खूण २५ फुटांवर, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. समा, अकोटा, फतेगंज, कुठेही विचारा, प्रत्येकाकडे आपापला पूर आहे. गाड्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या बुडाल्या, दिवे गेले ते लवकर आलेच नाहीत, आणि वस्त्यांत शिरलेल्या मगरी वनखात्याने धरून नेल्या.

पाणी ओसरल्यानंतरच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत साक्षी झाल्या. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. एक बाई म्हणाल्या, "पाणी शेवटच्या पायरीला लागलं, आम्ही गुडघे टेकले, आणि ते तिथंच थांबलं." सगळे "आमेन" म्हणाले. मागच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. गाद्या, फ्रिज, मुलीची दहावीची पुस्तकं, सगळं गेलं होतं. गुडघे त्यांनीही टेकले असतीलच. त्यांनीही आमेन म्हटलं, पण जरा मागाहून. मला त्या मागाहून आलेल्या आमेनचा जास्त भरवसा वाटतो.

कारण पायरीवर थांबलेलं पाणी हा जर विश्वासाचा पुरावा, तर छातीपर्यंत चढलेलं पाणी कशाचा पुरावा? हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि बायबल तर रोज उघडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायांत डोंगरावरचं प्रवचन आहे. त्याच्या शेवटी दोन घरांचा दाखला येतो: एक खडकावर, एक वाळूवर. रविवारच्या शाळेत तो हातवारे करून शिकवतात, त्यामुळे एकाचं टिकलं आणि दुसऱ्याचं कोसळलं, एवढंच डोक्यात राहतं. पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखेच येतात, हे निसटून जातं. खडकावर बांधलंस म्हणून नदी दुसऱ्या गल्लीने जाईल, असं येशू कुठेही म्हणत नाही. घर उभं राहील, एवढंच तो सांगतो. चिखल काढावा लागणार नाही, असंही नाही.

लूकने आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सांगताना एक तपशील घातला आहे: त्याचा माणूस खोल खणतो. काळ्या मातीवर घर बांधलेल्यांना हे समजावून सांगायला नको. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पक्का थर लागेपर्यंत खाली जावंच लागतं. पैसा सगळा जमिनीखाली जातो, आणि वास्तुशांतीला आलेले पाहुणे कौतुक करतात ते फरशीचं.

खणायचं म्हणजे करायचं काय, तेही त्याच प्रवचनात आधी सांगून झालेलं आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा. दान करशील तर वाजतगाजत करू नकोस. उद्याची काळजी उद्यावर सोड. जो हे ऐकतो आणि तसा वागतो, त्याचं घर खडकावर. नुसता ऐकतो, त्याचं वाळूवर. म्हणजे तोही दर रविवारी पुढच्याच बाकावर असू शकतो. खरं सांगायचं तर उपासकाळातले चाळीस दिवस मांसमच्छी सोडणं सोपं. पार्किंगवरून अबोला धरलेल्या शेजाऱ्याची बेल वाजवणं महाकठीण.

मराठीत या खणण्याचा सगळ्यात प्रामाणिक जमाखर्च एका बाईने लिहून ठेवला आहे. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं, ते याच डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कवीला आगगाडी पुरली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षं लागली.

त्या ज्या घरात वाढल्या, तिथे वडिलांचं सोवळं असं, की मीठसुद्धा धुऊन घरात घ्यायचं. आता मिठाचं काय उरत असेल! अशा घरच्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. आधी ताटातूट, नातलगांकडे दिवस काढणं. मग मुलाला घेऊन त्या टिळकांकडे परतल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. नवऱ्यावर माया पुरेपूर, पण त्याच्या हातचं पाणी नको. पुढे देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या, हे त्यांचं त्यांना उमगलं. मग पाण्याचं सोवळं सुटलं, मग पंगतीचं, आणि १९०० साली राहुरीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणी ओढून नेलं नाही. पक्का थर लागेपर्यंत एकेक टोपली माती त्यांनी स्वतः उपसली.

पूर त्यानंतरही आलेच. दुष्काळ आला, प्लेग आला. टिळकांच्या हातात पैसा कधी टिकलाच नाही, आणि १९१९ साली टिळकही गेले. धड शाळा न पाहिलेल्या या बाईने नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं करायला घेतलं, आणि 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यात भर अशा साक्षींवर नाही, की पाणी पायरीवर थांबलं. घर बुडाल्याचं सांगतानाही बाई हसवतात. माझ्या मते त्यांच्या विश्वासाची खोली तिथे कळते.

बडोद्यात मांडवीजवळच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत. ख्रिस्ती असाल तर आणि नसाल तर जास्तच, 'स्मृतिचित्रे' मागून घ्या आणि १८९५ ते १९०० ही पाच वर्षं सावकाश वाचा.