दिवा कसा हवा?

मुलांनो, घरात पिवळा दिवा लावावा की पांढरा? यावरून पुष्कळ घरांत वाद होतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर २७०० के किंवा ६५०० के असा आकडा असतो. २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे पांढरा, किंचित निळसर. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त, असे मात्र नाही. उजेड किती, ते ल्यूमेनवरून कळते.

मला रात्री पिवळा दिवा बरा वाटतो. पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो. त्याने झोपेला मदत करणारे मेलाटोनिन कमी तयार होते. पण आमच्या अम्मींना सुई ओवायला पांढराच दिवा लागतो. त्यांचेही खरे आहे. वयाबरोबर डोळ्यांतले भिंग पिवळट होते, उजेड जास्त लागतो.

म्हणून "ट्यूबलाइटने डोके दुखते" असे कुणी म्हटले, तर त्याला नखरेबाज म्हणू नये. अर्धशिशी असलेल्यांना प्रखर उजेड खरोखरच सोसत नाही. शिवाय जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते दिसत नाही, तरी काहींना त्रास होतो. दिवसा वर्गात खिडकीचा उजेड पुरत असेल, तर त्याच्या डोक्यावरची ट्यूब खुशाल बंद करावी.