दर ठरतो तेव्हा आपण कोठे असतो?

विजेचे बिल हाती पडले की वारासिवनीच्या बाजारात सरकारला दोन शब्द सुनावले जातात आणि मग ते बिल मुकाट्याने भरले जाते. हा संताप अनाठायी नाही. परंतु तो चुकीच्या दारी आणि चुकीच्या वेळी व्यक्त होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. विजेचा दर मंत्र्यांच्या दालनात ठरत नाही. जबलपूरच्या पूर्व क्षेत्र वीज वितरण कंपनीलाही तो आपल्या मर्जीने ठरविता येत नाही. २००३ च्या वीज कायद्याने तो अधिकार भोपाळच्या राज्य वीज नियामक आयोगाकडे दिला आहे. कंपनीने खर्चाचा हिशेब मांडून अर्ज करावा, तो प्रसिद्ध करावा, आणि आलेल्या हरकती व सूचना विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यावा, अशी ही रीत आहे.

या हिशेबात वीजखरेदी, पगार, दुरुस्ती, व्याज, घसारा व भांडवलावरील परतावा ही सारी कलमे असतात. पण खरी मेख आहे ती गळतीत. समजा, कंपनीने शंभर युनिटे विकत घेतली आणि पंचवीस तारांत व चोरीत गेली. तर शंभरांची किंमत उरलेल्या पंच्याहत्तरांवर पडून प्रत्येक युनिट एक तृतीयांशाने महागते. म्हणजे प्रामाणिक ग्राहकाने चोराचेही बिल भरावयाचे! म्हणूनच आयोग गळतीला मर्यादा घालतो, आणि त्या मर्यादेपलीकडचा तोटा कंपनीने सोसावा असे तत्त्व आहे. मर्यादा सैल ठेवली, तर कंपनीच्या गलथानपणाचा भार आपल्या खिशावर पडतो.

असे नियमन नसेल तर काय घडते, याचा धडा महाराष्ट्राने दाभोळला घेतला आहे. १९९३ मध्ये तेथील वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला, तेव्हा राज्यात नियामक आयोगच नव्हता. तो १९९९ मध्ये आला. त्या महागड्या विजेचे ओझे मंडळाला पेलवले नाही आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्या करारातील आकडे उकलून लोकांपुढे मांडण्याचे काम पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील मोजक्या अभ्यासकांनी केले. जाणत्या नागरिकांची लेखणी काय करू शकते, हे त्यावरून दिसते.

कंपनीची बाजूही आम्ही नाकारीत नाही. दर खर्चाखाली दाबून ठेवला, तर जळालेले रोहित्र बदलावयास पैसा उरत नाही. सरकारला एखाद्या वर्गास स्वस्त वीज द्यावयाची असेल, तर त्या सवलतीची रक्कम आगाऊ भरावी, असे कायदाच सांगतो. आमचा आग्रह इतकाच, की प्रत्येक कलमाची छाननी व्हावी आणि ती आपल्या डोळ्यांदेखत व्हावी.

परंतु आयोग भोपाळला, कंपनीचे मुख्यालय जबलपुरास, आणि आपला भातगिरणीवाला, विणकर व दुकानदार वारासिवनीत! म्हणून आमची मागणी आहे की बालाघाट जिल्ह्यातच जनसुनावणी व्हावी आणि अर्जाचा सारांश मराठीतही मिळावा. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकास दिला आहे. आमच्या मते मराठीत लिहिलेली हरकतही त्यामुळे ग्राह्य ठरली पाहिजे. ती दाखल करून हा हक्क बजावावयास कोणाची वाट पाहावयाची?

नगरपालिकेने, व्यापाऱ्यांनी व विणकरांनी एकत्र बसून पुढील अर्जाच्या वेळी एक तरी हरकत आकड्यांसह पाठवावी. दर ठरल्यावर केलेली ओरड वाऱ्यावर विरते. मुदतीत दिलेल्या हरकतीची दखल मात्र आयोगाला घ्यावीच लागते.