चार महिन्यांचा उपग्रह, अकरा वर्षांचे सौरचक्र

नारायणगाव - जुन्नर तालुक्यातील खोडद येथील 'जीएमआरटी' या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांचा वेध घेतात. तेथून येणाऱ्या लहरींना अखेरच्या टप्प्यात पृथ्वीचे आयनांबर ओलांडावे लागते. उच्च वातावरणाच्या या थरातील मुक्त इलेक्ट्रॉन लहरींमध्ये विक्षेप आणतात. आंबेगाव तालुक्यात मंचरच्या बाजारातून निघालेल्या मालमोटारीला वाट दाखविणाऱ्या मोबाइलच्या स्थाननिश्चितीतही याच थरामुळे काही मीटरची चूक शिरू शकते.

या इलेक्ट्रॉनांची मोजदाद करण्यासाठी मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी 'प्रथम' हा सुमारे दहा किलोचा उपग्रह बांधला. २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ने तो अवकाशात सोडला. उपग्रहाच्या रेडिओ संदेशाचे ध्रुवीकरण आयनांबरातून येताना किती फिरते, हे जमिनीवर मोजून वाटेतील इलेक्ट्रॉनांची संख्या काढायची, अशी ही योजना होती. त्याआधी तीनच महिने, २२ जून २०१६ रोजी, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा एक किलोहूनही हलका 'स्वयम्' हा दळणवळण उपग्रह झेपावला होता.

विद्यार्थ्यांना उपग्रह बांधता येतो, हे या दोन मोहिमांनी निर्विवाद सिद्ध केले. खरा प्रश्न सातत्याचा आहे. 'प्रथम'ची कल्पना २००७ मधील. ती कक्षेत पोहोचेपर्यंत नऊ वर्षे गेली आणि मूळ चमूतील विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले. मोहिमेचा नियोजित काळ मात्र अवघा चार महिन्यांचा. आयनांबर दिवस-रात्र, ऋतू आणि सुमारे अकरा वर्षांच्या सौरचक्रानुसार बदलते. एवढ्या अल्प नोंदींवरून त्याचा स्वभाव कळणे अशक्यच.

पुणे जिल्ह्याचे स्थान यासाठी महत्त्वाचे आहे. देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाणारे चुंबकीय विषुववृत्त आणि गुजरात-मध्य प्रदेशावरील दाट इलेक्ट्रॉनांचा पट्टा यांच्या मध्ये हा प्रदेश येतो. 'जीएमआरटी'च्या नोंदींतून आयनांबरातील सूक्ष्म चढउतार टिपता येतात, हे इंदूर आयआयटीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले. मात्र, ही दुर्बीण दोन अँटेनांवरील इलेक्ट्रॉनसंख्येतील फरक मोजते, एकूण संख्या नव्हे. ती उणीव 'प्रथम'सारखे उपग्रह भरून काढू शकतात.

म्हणूनच, एखाद्या यशस्वी उड्डाणाच्या कौतुकावर न थांबता एकाच धर्तीच्या छोट्या उपग्रहांची मालिका आखणे, एका तुकडीचे ज्ञान पुढच्या तुकडीकडे सोपविणे आणि खोडदच्या निरीक्षणांशी त्यांची सांगड घालणे आवश्यक आहे. अन्यथा प्रत्येक नवा उपग्रह पुन्हा 'प्रथम'च ठरेल.