हार्डडिस्कची खातेफोड

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत घरासाठी नवा संगणक जुळवून घेतला, की विंडोज टाकतानाच त्याच्या डिस्कचे तीन किंवा चार सारखे भाग पाडून त्यांना सी, डी, ई, एफ ही अक्षरे देण्याची पद्धत अजूनही सर्रास आढळते, आणि घरातील मंडळी या मांडणीकडे संगणकाचा अंगभूत गुणधर्म म्हणून पाहतात. दुकानात या भागांना पार्टिशन किंवा नुसते ड्राइव्ह म्हणतात. पद्धतीच्या समर्थनार्थ तीन कारणे सांगितली जातात: डिस्क बिघडली तरी दुसऱ्या भागातील माहिती वाचते, विंडोज पुन्हा टाकावी लागली तरी डी शाबूत राहतो, आणि कामाच्या, अभ्यासाच्या व करमणुकीच्या फायली वेगळ्या राहून शिस्त लागते. यांपैकी पहिले कारण चुकीचे, तिसरे निरुपयोगी आणि दुसरे अर्धे खरे आहे; नव्या संगणकाची आखणी करावयाची तर ती या अर्ध्या सत्याच्या आधारे करावी, असे येथे प्रतिपादन आहे.

पार्टिशन म्हणजे डिस्कच्या आरंभी लिहिलेल्या तक्त्यातील एक नोंद होय. अमुक क्रमांकाच्या कप्प्यापासून तमुक क्रमांकाच्या कप्प्यापर्यंतची जागा एका नावाची, एवढेच ती नोंद सांगते. जमिनीच्या भाषेत बोलायचे तर तो सातबारा आहे, शिवार नव्हे. १९८३ पासून चालत आलेल्या एमबीआर या जुन्या तक्त्यात केवळ चार मुख्य नोंदी बसत आणि साधारण २ टेराबाइटच्या पुढची जागा त्याला मोजता येत नसे. आजच्या संगणकांत जीपीटी हा तक्ता असतो. त्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असून त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

चार भागांची पद्धत मुळात अडाणीपणातून आलेली नाही, हे पूर्वपक्षाला न्याय देण्यासाठी मान्य केले पाहिजे. फॅट१६ या जुन्या नोंदपद्धतीत एक भाग २ गिगाबाइटपेक्षा मोठा करताच येत नसे, आणि त्या कमाल आकाराच्या भागात जागा ३२ किलोबाइटच्या ढेपांनी वाटली जात असल्यामुळे दोन किलोबाइटचा अर्जही एक अख्खी ढेप अडवून बसे. साहजिकच ६ किंवा ८ गिगाबाइटची डिस्क तुकडे पाडल्याशिवाय वापरताच येत नव्हती. १९९६ साली आलेल्या फॅट३२ने ही अडचण बरीचशी दूर केली, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर एनटीएफएस ही पद्धत घरोघरी पोहोचल्यावर ती उरलीच नाही. कारण संपले, सवय राहिली.

आता पहिल्या कारणाचा विचार करू. जुन्या धर्तीच्या फिरत्या हार्डडिस्कमध्ये सी असो वा एफ, सर्वांसाठी मोटार एक, वाचन-लेखन करणारा दांडा एक आणि सर्किट एकच असते. त्यांतील काहीही निकामी झाले की चारही भाग एकदमच नाहीसे होतात. एसएसडीमध्ये, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कमध्ये, ही सीमा त्याहूनही काल्पनिक असते. तिच्यातील प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहिली-पुसली जाऊ शकते, म्हणून तिचा नियंत्रक प्रत्येक नवे लेखन कमी झिजलेल्या पेशींकडे वळवीत राहतो, आणि परिणामी सी मधील फाइल व डी मधील फोटो एकाच चिपमध्ये शेजारीशेजारी पडलेले असू शकतात. संगणकाला एफ दिसतो, चिपला एफ नावाचे काही ठाऊकच नसते. लेखन चालू असताना वीज गेली तर एका भागाची नोंदवही बिघडून दुसऱ्याची वाचू शकते, हे खरे. पण एनटीएफएस आपल्या बदलांची रोजनिशी ठेवीत असल्यामुळे हा धोका पूर्वीइतका राहिलेला नाही, आणि त्यावरचा खरा इलाज यूपीएस हा आहे. खंडणीखोर विषाणूचे म्हणाल तर तो अक्षरे पाहून थांबत नाही. लिहिता येईल असा प्रत्येक ड्राइव्ह तो कुलूपबंद करतो. एका डिस्कच्या बिघाडावर त्याच डिस्कचे तुकडे हा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शिस्तीचे कारण लवकर निकालात निघते, कारण ते काम फोल्डर करतो आणि तोही जागा न अडविता. एकाच भागात फाइल हलविली तर केवळ नोंद बदलते, म्हणून ४० गिगाबाइटचे चित्रीकरणही डोळ्याचे पाते लवते तोच हलते. डी मधून ई मध्ये नेताना मात्र ते अक्षरशः उतरवून पुन्हा रचावे लागते. मोठी हानी मोकळ्या जागेची होते. ५१२ गिगाबाइट म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ४७६ दाखवते. यात विक्रेत्याची लबाडी नाही; उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच फरक आहे. या ४७६ चे चार भाग केले की प्रत्येकी ११९ येतात. डी, ई, एफ या तिघांत मिळून १२० गिगाबाइट रिकामे आहेत, पण प्रत्येकात ४०च, म्हणून बहिणीच्या लग्नाचे ८० गिगाबाइटचे चित्रीकरण कोठेच मावत नाही, अशी स्थिती मग उद्भवते. दरम्यान ११९ चा सी अद्यतने आणि प्रोग्राम यांनी भरून लाल पट्टी दाखवू लागतो. शेतीचे असेच तुकडे होऊन ती कसणे परवडेनासे होते म्हणून तर १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला आणि प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडण्यास मनाई करण्यात आली. भीमाकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, तरीही त्याच्याच घरातल्या डिस्कची खातेफोड बिनदिक्कत होते.

शिवाय हा बांध मागाहून सरकविणे सोपे नसते. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट या साधनाला सी वाढवायचा असेल तर रिकामी जागा सी च्या लगत उजवीकडेच असावी लागते. एफ रिकामा करून पुसला तरी मध्ये डी आणि ई उभे असल्यामुळे तिचा उपयोग शून्य. पुष्कळदा सी च्या शेजारीच विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला लहानसा भाग असतो, आणि तेवढ्या पट्टीमुळे पलीकडची मोकळी जागा दिसत असूनही ‘एक्स्टेंड’ हा पर्याय फिकट पडलेला राहतो.

दुसऱ्या कारणाकडे वळताना सूर बदलावा लागतो, कारण विंडोज नव्याने टाकताना केवळ सी पुसला जातो व डी राहतो, हे विधान सत्य आहे. असत्य आहे ती त्यावरून काढलेली निश्चिंती. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डर मुळात सी मध्येच असतात, आणि घरातील बहुतेक कागद, मग ते उसाचे बिल असो, रांजणगावच्या कारखान्यातील पगारपत्रक असो वा दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतनाचे कागद असोत, तेथेच साठत जातात. डी मध्ये चित्रपट तेवढे सुखरूप राहतात. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या धर्तीच्या फाँटमध्ये केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो, तर रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून तो दाखविलेला असतो, आणि ते फाँट सी मधील विंडोजच्या फोल्डरात राहतात. सी पुसला, डी मधील लग्नपत्रिका जशीच्या तशी वाचली, पण उघडताच ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा काला दिसला, हा त्याचा परिणाम होय. फाइल गेली नाही, तिची लिपी गेली. नव्या संगणकांत बिटलॉकर किंवा त्याच जातीचे कूटबंधन अनेकदा आपोआप चालू झालेले असते. अशा वेळी सी पुसून विंडोज टाकली की शाबूत राहिलेला डी ४८ अंकी कुंजी मागतो, आणि ती कोठे नोंदली आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

मग सर्व डिस्क एकसंध ठेवावी, हा दुसऱ्या टोकाचा पक्ष उरतो. जागेच्या दृष्टीने तो निर्दोष आहे, आणि शिस्तीने बाहेर प्रत ठेवणाऱ्या घरात तोच चांगला. पण तालुक्याच्या गावात संगणक मंदावला की ‘फॉरमॅट मारून घेऊ’ हीच पहिली दुरुस्ती ठरते. ती करणारा बहुधा घरचा नसतो, आणि घाईत तो एकच प्रश्न विचारतो, सी मध्ये काही ठेवायचे आहे का. एका अक्षराने उत्तर देता यावे एवढ्यासाठी दोन भाग हवेत. पार्टिशन यंत्राच्या बिघाडापासून वाचवीत नाही, ते दुरुस्ती करणाऱ्याच्या हातापासून वाचविते. आणि त्यासाठी एक सीमा पुरते, तिसऱ्या-चौथ्या भागाला काही काम उरत नाही.

५१२ गिगाबाइटच्या एसएसडीत सी ला १८० ते २०० गिगाबाइट द्यावेत. विंडोज ११ ची किमान गरज ६४ गिगाबाइट सांगितलेली असली तरी तो आकडा बसण्यापुरता आहे, नांदण्यापुरता नव्हे. उरलेली सर्व जागा डी ची. मात्र त्याच दिवशी डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप व पिक्चर्स या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमधील ‘लोकेशन’ बदलून ती डी वर न्यावीत, नाहीतर सीमा आखूनही माल अलीकडेच राहील. जुन्या फाँटांची एक प्रत डी मध्ये ठेवावी आणि कूटबंधनाची कुंजी कागदावर लिहून खरेदीखताच्या फायलीत लावावी. तक्त्यात दिसणारा १०० मेगाबाइटच्या आसपासचा ईएफआय भाग, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम वाचला जाणारा भाग, निरर्थक समजून पुसू नये. मुलांना लिनक्स शिकवायचे असेल तर शेवटी ६० गिगाबाइट मोकळे सोडणे पुरे. एसएसडीबरोबर जुनी फिरती डिस्कही असेल तर प्रश्नच मिटतो: एसएसडी सर्वस्वी विंडोजला, जुनी डिस्क सर्वस्वी घराला, आणि तुकडा कोणाचाच नाही.

बिघाडाविरुद्धचे संरक्षण दुसऱ्या डिस्कवरील प्रतीतच असते. ही डिस्क केबलने जोडून प्रत घ्यावी आणि लगेच काढून ठेवावी, कारण जोडलेली राहिली तर विषाणू आणि विजेचा झटका दोन्ही तिच्यापर्यंत पोहोचतात. घोडनदीच्या घरातील अशी प्रत दौंडच्या नातेवाइकाकडे आणि त्यांची इकडे, अशी अदलाबदल सणावाराच्या जाण्यायेण्यात सहज होऊ शकते. तिच्यावर प्रत घेतल्याची तारीख स्केचपेनने लिहिलेली असावी.