बटणांना नावे ठेवा!

आमची नववीची मुले एक्सेलमध्ये युजरफॉर्म करायला बसली की थेट कोडवर तुटून पडतात. प्रॉपर्टीजच्या खिडकीकडे कोणी बघतच नाही. माझ्या मते चूक तिथेच होते.

एकाने ग्रंथालयासाठी फॉर्म केला. सात बटणे, सगळी 'कमांडबटन१' ते '७'. पुस्तकाची नोंद काढून टाकणारे कोणते, हे पंधरा दिवसांनी त्यालाच सांगता येईना! अरे, नेम कोडसाठी आणि कॅप्शन वापरणाऱ्यासाठी. त्यातून नेमकी त्याच बटणाची डिफॉल्ट प्रॉपर्टी ट्रू. बाईंनी सवयीने एंटर दाबला की नोंद गायब. डिफॉल्टचा मान 'जतन करा'ला द्यावा, कॅन्सलचा 'रद्द करा'ला, म्हणजे एस्केप दाबून सुटता येते. क्रमांक भरेपर्यंत बटण एनेबल्ड फॉल्स ठेवावे. व्हिजिबल फॉल्स केले तर बाई ते शोधत बसतात.

आणि मराठी कॅप्शन? व्हीबीएच्या संपादकाला युनिकोड कळत नाही, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. मग मुले इंग्रजीत 'सेव्ह' लिहून मोकळी. हे मला मुळीच पटत नाही. फॉर्मवरच्या बटणाला स्वतःला युनिकोड चालते. शब्द शीटच्या खान्यांत लिहावेत आणि फॉर्म उघडताना तिथून कॅप्शनला द्यावेत. बटणामागे एक ओळ पुरते. आपण बडोद्याची माणसे, शेजारच्या रकान्यात गुजरातीही ठेवता येईल.