शिखराआधीचा हिशेब

एखाद्या मुलीच्या हिमालय मोहिमेसाठी मदतीचे पत्र संघटनेकडे आले की आपल्याला अभिमान वाटतो. आपण पावतीपुस्तके छापतो, निरोपाची सभा घेतो, ती परतली की स्टेशनवर हार घेऊन जातो. हे सारे करावेच. माझे म्हणणे एवढेच, की पैसे देण्याआधी मोहिमेचे अंदाजपत्रक मागून घ्यावे आणि ते बाईच्या नजरेने वाचावे.

त्यात परवान्याचे शुल्क असते. नेपाळच्या बाजूने वसंतात एव्हरेस्ट चढायचे, तर सप्टेंबर २०२५ पासून ते माणशी १५,००० डॉलर झाले आहे. शिवाय प्राणवायूची नळकांडी, तंबू, दोर, विमानभाडे. दोन रकाने मात्र बहुधा कोरे असतात.

पहिला रकाना घराचा. जपानच्या जुन्को ताबेई यांनी १९६९ मध्ये केवळ बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. एव्हरेस्टसाठी पैसे मागायला गेल्यावर, बायकांनी घरी मुले सांभाळावीत, असे त्यांना ऐकावे लागले. त्यांनी पियानोच्या शिकवण्या केल्या, मोटारीच्या जुन्या आच्छादनाचे हातमोजे शिवले. घरी लहान मुलगी होती. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोचणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली. तिला नवऱ्याची साथ होती. पण ज्या मुलीला अशी साथ नाही, तिच्यामागे आजारी सासू नि पोरे कोण बघणार? हा प्रश्न 'घरगुती' म्हणून अंदाजपत्रकाबाहेर ठेवला, की मोहिमा फक्त मोकळ्या मुलींच्याच होतात.

दुसरा रकाना ओझे वाहणाऱ्यांचा. शिखर गाठण्याच्या बाराच दिवस आधी ताबेई हिमकड्याखाली गाडल्या गेल्या होत्या. त्यांना शेर्पांनी बाहेर ओढून काढले. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गेले. सरकारने सुरुवातीला दर कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पा संतापून उठले आणि त्या मोसमात नेपाळच्या बाजूची चढाई जवळजवळ थांबली. त्या सोळांतल्या एकाची बायको नीमा डोमा. तिच्यासोबत फुर्दिकी, जिचा नवरा २०१३ मध्ये एव्हरेस्टवरच कामावर असताना गेला. विधवेला अपशकुनी मानणाऱ्या समाजात या दोघींनी निधी जमवला, प्रशिक्षण घेतले आणि २३ मे २०१९ रोजी एव्हरेस्ट गाठले. नवऱ्यांनी ज्या वाटेवर दुसऱ्यांचे ओझे वाहिले, त्याच वाटेने त्या गेल्या.

काही मैत्रिणी म्हणतील, मुलीला आधी जाऊ तर द्या, अटी कसल्या घालता? पण या अटी मुलीला नाहीत, आयोजकांना आहेत. एका बाईचा झेंडा वर लागावा म्हणून दुसऱ्या बाईचे कुंकू विम्याशिवाय पणाला लागत असेल, तर तो विजय आपला कसा म्हणायचा?

म्हणून देणगीसोबत दोन प्रश्न पाठवू या: घरच्या जबाबदारीची सोय काय? शेर्पांचा विमा किती, आणि तो कुणाच्या नावे? उत्तरे आली, की पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाऊ. हार तर आपण घालणारच आहोत.