काटा आणि फीत

आमच्या पिढीला वजन करणे म्हणजे रेल्वे स्थानकावरचे ते उंच, रंगीत दिव्यांचे यंत्र एवढेच ठाऊक होते. नाणे टाकले की आत काहीतरी खडखडे आणि जाड पुठ्ठ्याचे एक इवलेसे तिकीट बाहेर पडे. त्याच्या एका अंगाला वजन, दुसऱ्या अंगाला भविष्य. मे महिन्याच्या सुटीत आजोळी जाताना बडोद्याच्या फलाटावर आम्हा भावंडांचा हा सोहळा ठरलेला असे. भविष्य सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले जाई. वजन मात्र गाडी सुटण्यापूर्वीच विसरले जाई.

आता घरोघरी काचेचा सपाट वजनकाटा आला आहे आणि तो शंभर-शंभर ग्रॅमचा हिशेब देतो. आमच्या धाकट्या जाऊबाईंनीही गेल्या दिवाळीनंतर असाच एक आणला. निमित्त गंभीर होते. रक्ताच्या तपासणीत साखर अगदी सीमेवर आलेली होती, आणि ‘वजन उतरवा, पोट कमी करा, नाहीतर पुढल्या वर्षी गोळी सुरू करावी लागेल’ असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते. त्यांच्या आईला मधुमेहापायी शेवटी दिसेनासे झाले होते. तेव्हा त्या सूचनेचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यांनी मनापासून सुरुवात केली. पहाटे कमाटीबागेत तासभर झपझप चालणे, रात्रीचा भात बंद, आणि गुजराती शेजाराच्या संगतीने आमच्या आमटीत वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या गुळाला निरोप. पहिल्याच आठवड्यात काटा अडुसष्टवरून सहासष्टवर आला. घरात आनंदीआनंद झाला. पुढले पाच आठवडे मात्र काटा जागचा हलेना. एके दिवशी सहासष्ट आणि दोनशे ग्रॅम, दुसऱ्या दिवशी पासष्ट आणि नऊशे. मग नात्यातले एक लग्न झाले, दोन दिवस पंगती झडल्या आणि तिसऱ्या दिवशी काट्याने सदुसष्ट किलो चारशे ग्रॅम दाखवले. त्या दिवशी काटा पलंगाखाली गेला आणि पहाटेचे फिरणेही थांबले. ‘वहिनी, माझ्या शरीराला गुणच येत नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या.

दहा-बारा दिवसांनी ब्लाऊज शिवायला टाकण्यासाठी आम्ही दोघी दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या मास्तरांकडे गेलो. मास्तरांची मापांची वही आहे. तीत आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची मापे आहेत. त्यांनी फीत लावली, वही पाहिली, पुन्हा फीत लावली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘बेन, माप ओछुं थयुं छे.’ दिवाळीच्या मापाहून कंबर सव्वा इंच आणि बाहीचा घेर अर्धा इंच उतरला होता. जाऊबाईंना ते खरेच वाटेना. मास्तरांची फीत जुनी झाली असेल, असे म्हणून त्यांनी त्या गरीब माणसाकडून तिसऱ्यांदा माप घेववले.

घरी येताच मी पोटाचे माप घेतले. परंतु ते ताडून पाहायचे कशाशी? पहिल्या दिवसाचा वजनाचा आकडा लिहून ठेवला होता, पोटाचा कोणी घेतलाच नव्हता. ज्या पोटासाठी डॉक्टरांनी धाक घातला, त्याचीच नोंद नाही! शिंप्याच्या वहीत एक ओळ नसती, तर सात आठवड्यांचे कष्ट वाया गेले अशीच आमच्या घरात समजूत राहिली असती.

असे का व्हावे? काटा खोटे बोलत नव्हता. पण त्याच्यावर उभे राहणारी व्यक्ती म्हणजे हाडे, स्नायू, रक्त, पोटातले अन्न, मूत्राशयातले पाणी आणि चरबी यांचे एकत्र गाठोडे असते, आणि काट्याला गाठोडे सोडता येत नाही. त्यातही पाण्याचा खेळ मोठा. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅम भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-साखर एकदम कमी केली की हा साठा पहिल्या काही दिवसांत उतरतो आणि पाणीही सोबत जाते. जाऊबाईंचे पहिल्या आठवड्याचे दोन किलो बहुतांशी हेच होते. लग्नाच्या पंगतीत भात, जिलेबी, पापड, लोणची यांनी तो साठा पुन्हा भरला. मिठाने आणखी पाणी धरून ठेवले. दोन दिवसांत दीड किलो चरबी चढणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आपल्या बडोद्यातल्या भगिनींना याचा पुरावा नवरात्रात घरबसल्या मिळतो. रात्री तीन तास गरबा खेळून आल्यावर काट्यावर उभे राहावे, किलोभर वजन सहज उतरलेले दिसते. ते घामावाटे गेलेले पाणी. दसऱ्याच्या सकाळी फाफडा-जिलेबी झाली की ते परत हजर!

आता थोडे गणित केले पाहिजे. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७,७०० उष्मांकांचा साठा. साठ-पासष्ट किलोची स्त्री तासभर झपाट्याने चालली तर दोनशे ते अडीचशे उष्मांक खर्ची पडतात. म्हणजे आहारात काहीच फरक न करता, रोज न चुकता चालून महिन्याला एक किलोच्या आतबाहेर चरबी जाईल. आठवड्याला पाव किलो. उलट पाण्यापायी आणि अन्नापायी आपले वजन सकाळ-संध्याकाळमध्ये किलोभर सहज खालीवर होते. स्त्रियांच्या बाबतीत मासिक चक्राप्रमाणे आणखी एखादा किलो. तेव्हा रोज काट्यावर उभे राहून त्या पाव किलोचा शोध घेणे म्हणजे भरती-ओहोटीत वाळूवरची रेघ शोधणे होय.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. काटा हलला नाही की ‘चरबीचे स्नायू झाले’ असे म्हणून मनाची समजूत घालण्याची पद्धत पडली आहे. चरबीचे स्नायू होत नाहीत. ते दोन निराळे पदार्थ आहेत. एक किलो चरबीला एक किलो स्नायूपेक्षा थोडी अधिक जागा लागते हे खरे, परंतु स्नायू वाढायला वजने उचलण्यासारखा व्यायाम, पुरेशी डाळ-उसळ-दूध आणि महिनोन्महिने लागतात. नुसत्या फिरण्याने दोन आठवड्यांत स्नायू वाढले असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे. मात्र नियमित व्यायामाने वजन फारसे न घटताही पोटाच्या आतली चरबी कमी होऊ शकते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. मास्तरांच्या फितीला बहुधा तेच दिसले.

आणि आपल्या लोकांचा प्रश्न पोटाचाच आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच एक छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. आपल्याकडे २३ च्या आत असला की ठीक मानतात, म्हणजे दोघेही उत्तीर्ण. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! त्यांपैकी एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या उद्वाहकाचे दार बंद होण्यापूर्वी धावत जाऊन ते गाठणे, अशी मिश्कील कबुलीही त्यांनी दिली होती. त्यातली थट्टा सोडली तरी मुद्दा राहतो. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून तसा असेलच असे नाही. आपल्याकडे स्नायू थोडे, चरबी अधिक आणि तीही पोटात, यकृताभोवती साठण्याकडे कल असतो. मधुमेह तिथूनच जवळ येतो.

हा निर्देशांक मुळात कोणा एका माणसाचे आरोग्य तपासण्यासाठी शोधलेला नव्हताच. बेल्जियमच्या क्वेतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात सामान्य माणसाचा साचा शोधताना ते गुणोत्तर मांडले, आणि त्याचे आजचे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतील अन्सेल कीझ यांनी रूढ केले. आता वैद्यकही फितीकडे वळले आहे. भारतीय पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे आपल्याकडील तज्ज्ञांनी ठरवले आहे. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये त्याहून सोपा नियम सांगितला: कमर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवावी. शिंप्याची फीत साठ इंचांची, म्हणजे पाच फूट असते. आपल्यातल्या कित्येक जणींची उंची तेवढीच. अशा भगिनीने फीत मधोमध दुमडावी. ती तीस इंचांची दुमड कमरेभोवती पुरली पाहिजे. कागद-पेन्सिलही नको!

फीत लावण्याचीही रीत आहे, कारण दोन बोटे वरखाली झाली की इंचभर फरक पडतो. लुगडे किंवा साडी खोचतो ती कमर नव्हे, बेंबीही खूण म्हणून भरवशाची नाही. बाजूला हात लावून शेवटची बरगडी चाचपावी, नंतर खालचे कमरेचे हाड चाचपावे. या दोहोंच्या मधोमध फीत यावी. ती उघड्या अंगावर, जमिनीला समांतर, टेकलेली परंतु रुतलेली नसावी. श्वास सहज सोडावा आणि तेव्हा वाचावे. पोट आत ओढून घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींना अधिक होतो असा माझा अनुभव आहे. सकाळी, रिकाम्या पोटी, शक्यतो एकाच माणसाने, दोनदा माप घ्यावे. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर तो हाताचा दोष समजावा. कापडी फीत वापराने ताणली जाते, म्हणून वर्षातून एकदा ती पोलादी पट्टीशी ताडून पाहावी. जाऊबाईंची शंका अगदीच निराधार नव्हती.

फितीने केवळ आनंदाच्याच बातम्या मिळतात असे नाही. आमच्या मामंजींना ऐंशीव्या वर्षी कोणीतरी वजनाचा धाक घातला. त्यांनी जेवण निम्म्यावर आणले. वर्षभरात एकसष्टचे छप्पन्न किलो झाले आणि आम्ही सर्वांनी त्यांचे तोंडभरून कौतुक केले. धोतराची गाठ मात्र होती तिथेच होती, पोट जसेच्या तसे. दंडावरची कातडी लोंबू लागली. आरामखुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला, आणि एके रात्री ते न्हाणीघरात पडले. वयाप्रमाणे असे व्हायचेच, असे आम्ही म्हणत होतो. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलेसुद्धा नाही. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगितले; ते जमेना. मग त्यांच्या पोटरीला फीत लावली. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषाप्रमाणे पुरुषाच्या पोटरीचा घेर ३४ सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ३३ च्या खाली असला तर स्नायू झडत असल्याची शंका घ्यावी. मामंजींची पोटरी तीसची होती. व्यायामावाचून नुसते खाणे तोडले की जाणाऱ्या वजनातला मोठा वाटा स्नायूंचा असतो, आणि म्हातारपणी गेलेला स्नायू परत मिळवणे किती जड जाते, हे आम्ही त्यानंतर पाहिले. पाच किलो गेले म्हणून आम्ही त्यांच्या वाढदिवसाला पेढे वाटले होते. ते आठवले की आजही मला ओशाळल्यासारखे होते.

एवढे सांगूनही काटा मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी रोज सकाळी वजन केलेच पाहिजे. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले तर ते अंगात साचलेले पाणी असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते. प्रयत्न न करता वजन उतरू लागले तरीही तसेच. तान्ह्या बाळाची वाढ तर काट्यावाचून कळतच नाही. इतरांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी वजन करावे आणि चार आठवड्यांची सरासरी पाहावी. मधल्या एकेका आकड्याला किंमत देऊ नये.

आमच्याकडे आता कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर प्रत्येकाचे कमर, दंड आणि पोटरी असे तीन रकाने आहेत, वजनाचा चौथा. जाऊबाई पुन्हा कमाटीबागेत जाऊ लागल्या. त्यांची कमर आषाढापर्यंत आणखी इंचभर उतरली, वजन मात्र पासष्टच्या आसपासच घुटमळते आहे. साखरेची तपासणी पुढल्या महिन्यात आहे. मामंजी सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठतात, एका हाताचा आधार अजून लागतो. माझा रकाना संक्रांतीपासून कोरा आहे, आणि तो का, हे घरात कोणी विचारू नये म्हणून कपाटाचे दार मीच आधी लावून घेते.